उजवीकडून सुरू होणारी स्क्रीन

वीस-बावीस वर्षांपूर्वी घरोघरी विंडोज 98 होतं. त्याच्या पोटात 'सिस्टम डॉट आयएनआय' नावाची एक साधी फाइल असायची. नोटपॅडमध्ये उघडली की कुणालाही वाचता येईल अशी. तिच्या 'बूट' नावाच्या भागात एक ओळ असे : 'शेल', मग बरोबरचं चिन्ह आणि पुढे 'एक्सप्लोरर डॉट ईएक्सई'. एवढीच. या ओळीत दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामचं नाव लिहून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, की स्टार्ट बटण गायब, खालची पट्टी गायब, 'माय कॉम्प्युटर'चं चित्र गायब. त्या जागी तुम्ही मांडाल ते.

माझ्या विशीतल्या कितीतरी रात्री या एका ओळीपाशी गेल्या आहेत. हे आज शाळेतल्या तरुण सहकाऱ्यांना सांगितलं की ते विचारतात, "मॅडम, पण कशासाठी?" वॉलपेपर बदलणं त्यांना समजतं. अख्खा डेस्कटॉप उपटून टाकून नवा बसवणं समजत नाही. प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा लांब आहे, म्हणून इथे लिहिते.

'शेल' म्हणजे कवच. 1960 च्या दशकात लुई पूझँ नावाचे फ्रेंच इंजिनियर अमेरिकेतल्या एमआयटीत काम करत होते. मल्टिक्स या यंत्रणेची आखणी चालू असताना हा शब्द त्यांनी सुचवला. आत यंत्रणेचा गाभा, त्याला म्हणतात कर्नल, म्हणजे गर. बाहेर शेल. आम्हा कोकणातल्या माणसांना हे समजायला वेळ लागत नाही. आत खोबरं, बाहेर करवंटी. फाइली साठवणं, मेमरी वाटून देणं, प्रिंटरशी बोलणं ही खोबऱ्याची कामं. आपल्या डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते ती करवंटी. फरक एवढाच की नारळाची करवंटी बदलता येत नाही, कॉम्प्युटरची येत होती.

ही काही चोरवाटही नव्हती. 1992 च्या विंडोज 3.1 मध्ये 'प्रोग्राम मॅनेजर' हे कवच होतं आणि ते काढून 'नॉर्टन डेस्कटॉप' बसवणारे लोक तेव्हाही होते. मग 1995 मध्ये विंडोज 95 आलं. स्टार्ट बटण डावीकडे खाली, घड्याळ उजवीकडे खाली, मध्ये पट्टी. ही मांडणी इतकी अंगवळणी पडली की लोकांना वाटू लागलं, कॉम्प्युटर म्हणजे हेच. आमच्या कोर्सला सर शिकवायचे, "कोणतंही काम कुठून सुरू करायचं? डावीकडे खालून." आम्ही सगळे वहीत लिहून घ्यायचो.

मी लिहून घेतलं खरं, पण मला ते पटलं नव्हतं. कारण आमच्या घरचा कॉम्प्युटर उजवीकडून सुरू व्हायचा.

अब्बा कुवेतला एका कंपनीत स्टोअरकीपर होते. 2000 साली कंपनीने जुने कॉम्प्युटर काढले, त्यातला एक अब्बांनी घेतला आणि कार्गोने रत्नागिरीला पाठवला. सोबत दोन ब्लँकेट, दुधाच्या पावडरचे डबे आणि अम्मीसाठी शिवणयंत्राची मोटार. कॉम्प्युटरमध्ये विंडोज 98 ची अरबी आवृत्ती होती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना सांगते, त्यात फक्त भाषा बदललेली नसे, सगळी मांडणीच आरशात पाहिल्यासारखी फिरवलेली असे. स्टार्ट बटण उजव्या कोपऱ्यात. खिडकी बंद करायची फुली डावीकडे. खालीवर सरकायची पट्टीही डाव्या अंगाला. 'मागे जा'चा बाण उजवीकडे तोंड केलेला.

कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा घरात शेजारपाजारचे धरून दहा-बारा लोक होते. अम्मी उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. आमच्या घरची बोली कोकणी, तिचं बोलणं इथे मराठीतच देते. ती मागे उभी राहून पाहत होती. उजव्या कोपऱ्यातल्या बटणावरची अक्षरं तिने कुराणातले शब्द जोडावेत तशी जोडली. अलिफ, बे, दाल, शेवटी हमज्याचा अलिफ. "इब्दा," ती म्हणाली. "म्हणजे इब्तिदातलंच ना?" बरोबर होतं. इब्दा म्हणजे सुरुवात कर. इब्तिदा म्हणजे आरंभ. आपल्याकडे प्राथमिक शाळेला उर्दूत 'इब्तिदाई' म्हणतात, तोही त्याच घरातला. घरातल्या कुणालाच अरबी येत नव्हतं, तरी त्या मशिनवरचा पहिला शब्द माझ्या चौथी शिकलेल्या आईने वाचला, आणि इंग्रजी घेऊन बीए झालेली मी तिच्याकडे बघत राहिले.

पुढे 2002 च्या पावसाळ्यात विजेच्या लपंडावात हार्ड डिस्क गेली. दुकानदाराने नवी बसवून दिली आणि तिच्यावर सगळीकडे असतं तसं इंग्रजी विंडोज 98 टाकलं. त्याचं काही चुकलं नाही, त्याच्याकडे तेच होतं. कॉम्प्युटर पूर्वीपेक्षा वेगाने चालू लागला. पण अम्मी त्याच्याजवळ यायची थांबली. तक्रार केली नाही, फक्त थांबली. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आता तो तुझा आहे."

तेव्हा मी बीएड करत होते. कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर सीडी मिळायच्या, एकमेकांत फिरायच्या. अशाच एका सीडीवर मला 'लाइटस्टेप' सापडलं. विंडोजचं कवच काढून त्या जागी बसवायचं दुसरं कवच. 1990 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सिस गास्तेलू यांनी ते सुरू केलं, मग त्याचा सोर्स कोड खुला झाला आणि देशोदेशीचे हौशी लोक त्यात भर घालू लागले. अशी आणखीही कवचं होती. 'जिओशेल' होतं. लिनक्सवरच्या 'ब्लॅकबॉक्स'वरून विंडोजसाठी काढलेलं त्याच नावाचं एक अगदी सडपातळ कवच होतं, ज्यात स्क्रीनवर जवळजवळ काहीच नसे. पण मी लाइटस्टेपवरच थांबले, कारण त्याची चित्रांची पट्टी स्क्रीनच्या उजव्या कडेला उभी असायची.

ती उजवीकडे का, याचा उर्दूशी काही संबंध नाही. लाइटस्टेप हे 'आफ्टरस्टेप' या युनिक्स-लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या धर्तीवर बनलं होतं आणि आफ्टरस्टेप बनलं होतं 'नेक्स्टस्टेप'च्या धर्तीवर. स्टीव्ह जॉब्स 1985 मध्ये अ‍ॅपलमधून बाहेर पडले आणि त्यांनी नेक्स्ट ही कंपनी काढली. तिची ही यंत्रणा 1989 मध्ये बाजारात आली. टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब ब्राउझर लिहिला तो नेक्स्टच्याच कॉम्प्युटरवर. या नेक्स्टस्टेपमध्ये चित्रांची पट्टी, म्हणजे डॉक, उजव्या कडेला असे आणि सरकपट्टी खिडकीच्या डाव्या अंगाला. कॅलिफोर्नियातल्या लोकांनी, इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी, स्वतःच्या सोयीने ठरवलेली ही मांडणी होती. ती आमच्या अरबी विंडोजच्या जवळ जात होती, हा योगायोग. पण या योगायोगाने मला एक गोष्ट शिकवली. डावी-उजवी बाजू कॉम्प्युटरच्या निसर्गात नसते. कुणीतरी एका टेबलाभोवती बसून ती ठरवतं. दुसऱ्या टेबलाभोवती बसलेले लोक दुसरं ठरवतात. मग तिसरं टेबल आमच्या माजघरातलं का असू नये?

लाइटस्टेपमध्ये सगळी मांडणी 'स्टेप डॉट आरसी' नावाच्या एका मजकुराच्या फाइलीत लिहायची. माउसने ओढून काही होत नसे. पट्टी कुठे हवी, किती रुंद हवी, कोणतं चित्र दाबलं की काय उघडायचं, मोकळ्या जागी क्लिक केल्यावर कोणती यादी यायची, प्रत्येकाची एक ओळ. बदल केला की 'रीसायकल' नावाचा हुकूम द्यायचा. कॉम्प्युटर बंद न होता फक्त कवच मिटायचं आणि नव्या रूपात पुन्हा उघडायचं. त्या एका क्षणात स्क्रीन रिकामी व्हायची आणि छातीत धडधडायचं. मूळ ओळीतच गडबड असेल तर कॉम्प्युटर नुसत्या रिकाम्या रंगावर येऊन थांबे. अशा वेळी पुन्हा सुरू करताना एफ 8 दाबून काळ्या डॉसमध्ये जायचं, तिथे सिस्टम डॉट आयएनआय उघडायची आणि जुनी ओळ परत लिहायची. हा उतारा मी एका पुठ्ठ्यावर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवून ठेवला होता.

खरी अडचण होती उर्दू अक्षरांची. त्या इंग्रजी विंडोज 98 वर बटणाचं नाव उर्दूत लिहायला गेलं की प्रश्नचिन्हांची रांग उमटे. आणि कशीबशी अक्षरं आली असती तरी ती अरबी छापाची आली असती. उर्दू वाचणाऱ्याला हवी असते नस्तालीक. नस्तालीकमध्ये शब्द सरळ रेघेवर बसत नाही. तो उजवीकडे वरून निघतो आणि डावीकडे खाली उतरत जातो. शेजारी कोण आहे ते पाहून प्रत्येक अक्षर आपली बसण्याची रीत बदलतं. म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कित्येक वर्षं कातिबांच्या हातानेच लिहिली जात होती. 1981 मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर 'नूरी नस्तालीक' तयार केलं तेव्हा अक्षरांचे सुमारे 20 हजार जोड आधी हाताने लिहून काढावे लागले. 1994 मध्ये विंडोजवर 'इनपेज' आलं आणि आपल्याकडची लग्नपत्रिकेची दुकानंसुद्धा नस्तालीकमध्ये छापू लागली. पण इनपेजमधला मजकूर इनपेजमध्येच राही. तो उचलून दुसरीकडे नेता येत नसे.

मग मी शब्दांची चित्रं केली. ओळखीच्या एका डीटीपीवाल्याकडे संध्याकाळी जायचं. तो पत्रिका लावत असे, त्याचं काम संपलं की त्याच्या मशिनवर पाच-सहा शब्द मोठ्या अक्षरांत लिहायचे, प्रिंट स्क्रीन दाबायचं, पेंटमध्ये चिकटवायचं, फ्लॉपीवर घ्यायचं. घरी येऊन प्रत्येक शब्द कापायचा. लाइटस्टेपमध्ये जो भाग आरपार दिसायला हवा तो एका ठरावीक भडक गुलाबी रंगाने भरावा लागे. लाल 255, हिरवा शून्य, निळा 255. हे आकडे मी आजही झोपेत सांगेन. शब्द लहान केला की कडेला त्या गुलाबीची किनार राही. मग आठपट मोठं करून एकेक ठिपका पुसायचा. 'ते'वरचे नुक्ते पुसले जाऊ नयेत म्हणून जपायचं. नुक्ता गेला तर शब्दच गेला.

असं करत करत अम्मीची स्क्रीन तयार झाली. उजव्या कडेला वरून खाली पाच बटणं. 'आवाज', 'ख़त', 'तस्वीरें', 'तिलावत' आणि सगळ्यात खाली 'बंद'. बाकी स्क्रीन मोकळी, मागे फिका हिरवा रंग. खालची पट्टी नाही, स्टार्ट नाही, इंग्रजीचं एक अक्षर नाही. लाइटस्टेपमध्ये चार वेगवेगळ्या स्क्रीन ठेवायची सोय होती. त्यातली पहिली अम्मीची, दुसरी माझ्या बीएडच्या पाठांच्या नोंदींची.

'आवाज' हे बटण खास अब्बांसाठी होतं. फोन महाग होता. त्याआधी आखातात गेलेल्यांच्या घरी कॅसेटमध्ये आवाज भरून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवायची रीत होती, आमच्याकडेही होती. आता विंडोजमधला साउंड रेकॉर्डर होता. तो एका वेळी 60 सेकंदच घेत असे. अम्मीला ते एक मिनिट आधी पुरेना. सलाम आणि सगळ्यांची खुशाली यातच संपायचं. मग तिने स्वतःच युक्ती काढली. पहिल्या मिनिटात घर, दुसऱ्यात पैशांचा हिशेब, तिसऱ्यात भांडण. मी शनिवारी रात्री त्या फाइली ईमेलने पाठवायची. डायलअपवर एकेक फाइल जायला पाऊण तास लागायचा. अब्बांचं उत्तर आलं की ते 'ख़त'मध्ये ठेवायची. मी कॉलेजात असताना अम्मी दुपारी स्वतः कॉम्प्युटर लावून ते ऐकायची, आणि ऐकून झालं की 'बंद' दाबून त्याच्यावर कापड घालायची.

त्याला मर्यादाही होती. कवच दारापर्यंतच पोचतं. 'आवाज' दाबल्यावर उघडणारा रेकॉर्डर इंग्रजीच होता. त्यातला लाल गोल म्हणजे बोल आणि चौकोन म्हणजे थांब, एवढं तिने लक्षात ठेवलं होतं. दरवाजा उर्दू, आतली खोली इंग्रजी. पण दरवाज्यावर आपलं नाव असलं की माणूस आत पाऊल टाकतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आमच्या नात्यातला एक भाऊ कॉम्प्युटर शिकत होता. त्याने ती स्क्रीन पाहिली आणि हसून म्हणाला, "काय आपा, कॉम्प्युटर उलटा केलास?" त्याच्या मनात काही नव्हतं. पण हा शब्द उर्दूवाल्यांच्या कानांवर सारखा पडतो. "तुमचं ते उलटं पुस्तक", "तुम्ही उलटं लिहिता". मी उर्दू शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे मला या शब्दाची दुसरी बाजूही दिसते. दर जूनमध्ये पाचवीतली दोन-चार मुलं मराठीची वही शेवटच्या पानापासून सुरू करतात. त्यांच्या दृष्टीने ते पहिलं पान असतं. बालभारतीचं उर्दूचं पुस्तक उजवीकडून उघडतं, मराठीचं डावीकडून, आणि एकाच दप्तरात दोन्ही असतात. काही मुलं तर दोनशे पानी एकच वही वापरतात. एका बाजूने उर्दू, दुसऱ्या बाजूने मराठी. मार्चपर्यंत दोन्ही भाषा मधल्या पिनांजवळ येऊन थांबतात. त्या मुलांना विचारा यातली सुलटी बाजू कोणती. त्यांना प्रश्नच कळत नाही.

पुढे घरात विंडोज एक्सपी आलं तेव्हा मला एक गंमत सापडली. एक्सपीच्या भाषेच्या सेटिंगमध्ये एक चौकट असायची. गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा यांच्यासाठी लागणाऱ्या फाइली बसवायच्या का, असं तिथे विचारलेलं असे. त्यात कंसात थाईचंही नाव होतं. ती चौकट रिकामी असेल तर उर्दूची अक्षरं सुटी पडायची आणि मराठीचीही जोडाक्षरं तुटून वेलांट्या भलत्या जागी जायच्या. टिक केली, सीडी घातली, की दोन्ही भाषा एकदम नीट. म्हणजे इंग्रजीच्या टेबलावरून पाहिलं तर मराठी आणि उर्दू एकाच चौकटीत होत्या. आपण आपापसात कोण सुलटं, कोण उलटं याचा हिशेब मांडत होतो आणि तिथे दोघींना मिळून एकच टिक होती. त्या काळात मराठी मजकूरही एका मशिनवरून दुसऱ्यावर नेला की फॉन्टच्या घोळात इंग्रजी अक्षरांचा कचरा व्हायचा. दुखणं सारखंच होतं.

मग हे सगळं गेलं कुठे? कुणी एका दिवशी बंद केलं असं नाही. एक्सपीत ती ओळ सिस्टम डॉट आयएनआयमधून उठून रजिस्ट्रीत गेली, म्हणजे नोटपॅडच्या आवाक्याबाहेर. तरी लोकांनी ती शोधली. पण विंडोज स्वतःच देखणं होत गेलं, मेमरी स्वस्त झाली आणि हलक्या कवचाची गरज कमी झाली. कवचं लिहिणारी मुलं मोठी झाली, नोकरीला लागली. काही सोयी तर विंडोजनेच उचलल्या. चार स्क्रीनची जी सोय आम्ही लाइटस्टेपमध्ये वापरत होतो ती विंडोजमध्ये थेट 2015 मध्ये, विंडोज 10 बरोबर आली. हेही मान्य करायला हवं की ते कवच सारखी निगा मागायचं, आणि ज्याने बसवलं त्याच्याशिवाय दुसऱ्याला ते दुरुस्त करता येत नसे. ऑफिसात, बँकेत, शाळेच्या लॅबमध्ये प्रत्येक मशिन वेगळं असून चालत नाही, हेही मला शिक्षक म्हणून समजतं. तीस मुलांना एकदम शिकवायचं तर तीस स्क्रीन सारख्या लागतात.

मला खटकतं ते वेगळं आहे. 1995 पासून खालची पट्टी निदान ओढून वर किंवा बाजूला नेता यायची. 2021 मध्ये विंडोज 11 आलं तेव्हा त्यात ती सोयही नव्हती. किती लोक ती वापरत होते, हा एक हिशेब झाला. पण जी गोष्ट हलवता येते ती कुणीतरी ठेवलेली आहे हे लक्षात राहतं. जी हलत नाही ती भिंत वाटू लागते, आणि भिंतीबद्दल कुणी विचारत नाही की ती इथे का आहे. माझे विद्यार्थी माझ्यापेक्षा कितीतरी हुशारीने मोबाइल वापरतात. पण स्क्रीनवरची एखादी गोष्ट जिथे आहे तिथे का आहे, असं विचारलं की ते माझ्याकडे असे बघतात जणू मी विचारलं, सूर्य पूर्वेला का उगवतो.

म्हणून मी वर्षातून एक तास त्यासाठी ठेवते. आमच्या लॅबमध्ये लिनक्सची काही मशिनं आहेत. त्यातल्या 'एक्सएफसीई' डेस्कटॉपवर पट्टी अजून चारही बाजूंना नेता येते. मी मुलांना सांगते, हिला तुम्हाला हवी तिथे न्या आणि कारण सांगा. पहिली पाच मिनिटं कुणी हात लावत नाही, काहीतरी बिघडेल म्हणून. मग एक मुलगा नेतो, मग सगळे. गेल्या वर्षी एका मुलीने पट्टी उजवीकडे उभी केली आणि कारण सांगितलं, "माझी नजर आधी तिथेच जाते." मी तिला एवढंच म्हटलं, "लिहून ठेव."

अब्बा 2006 मध्ये कायमचे परत आले. त्यानंतर 'आवाज' बटणाचं काम उरलं नाही आणि लाइटस्टेपही पुढच्या कॉम्प्युटरवर मी बसवलं नाही. त्या एकेक मिनिटाच्या फाइली मात्र जपल्या. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर. अब्बा आता नाहीत. फाइली अजून वाजतात. भांडणाच्या मिनिटांसकट. पाच शब्दांच्या गुलाबी चित्रांचं फोल्डरही तिथेच आहे. त्याचा आता काही उपयोग नाही. खोबरं टिकलं, करवंटी गेली, हे ठीकच झालं.

अम्मी आता सत्तरीत आहे आणि तिच्या हातात अँड्रॉइड फोन आहे. अँड्रॉइडमध्ये होम स्क्रीनचं कवच अजून बदलता येतं, त्याला लाँचर म्हणतात. हे फार जणांना माहीत नसतं. मी तिच्या फोनवर एक साधा लाँचर बसवला आहे. मोठी चार चित्रं, उजव्या बाजूला, कारण ती फोन उजव्या हातात धरते आणि अंगठा तिथेच पोचतो. या वेळी शब्द उर्दूत लिहायला डीटीपीवाल्याकडे जावं लागलं नाही, सरळ टाइप केले.

तुमच्या घरातही असं कुणीतरी असेल, जे फोन हातात घेऊन तुमची वाट बघत बसतं. त्यांना पुन्हा एकदा "इथे दाबायचं, मग इथे" असं शिकवण्याआधी जरा विचारून पाहा, की हे बटण तुम्हाला कुठे हवं आहे. बरेचदा उत्तर तयार असतं. विचारलेलं नसतं, एवढंच.